पोटाला कान लावणारे सर

सर पेशंट तपासायला बसले की आधी पंखा बंद व्हायचा. मे महिन्यात, आमच्या गडचिरोली जिल्ह्यात, दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशा दिवसांत, खोलीभर माणसं घामानं निथळत उभी असायची आणि सर डोळे मिटून कुणाच्या तरी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून बसलेले असायचे. डावा हात वर. तो हात खाली येईपर्यंत कुणी खोकायचंसुद्धा नाही. दाराशी बसणारे शिपाईभाऊ नव्या माणसाला आधीच दटावून ठेवायचे, "सायेब आयकून राह्यले. चूप ऱ्हाय."

छातीला ते थोडा वेळ देत. हृदय साधंभोळं असतं, असं त्यांचं मत. लब-डब, लब-डब, एकच गोष्ट जन्मभर. पोटाला मात्र किती वेळ लागेल याचा नेम नसे. एकदा त्यांनी एका म्हाताऱ्याच्या पोटाला इतका वेळ कान लावला, की म्हातारा घोरायला लागला. सरांनी त्याला उठवलं नाही. "झोपू दे गा त्याले. झोपलेल्या मानसाचं पोट खरं बोलते."

मी तेव्हा नुकतीच डॉक्टर झाले होते आणि बंधपत्राची सेवा म्हणून आलापल्लीच्या जंगलापलीकडच्या एका तालुक्याच्या गावी, सरकारी दवाखान्यात रुजू झाले होते. मूळची मी नागभीडकडची, त्यामुळे जंगलाचं किंवा बोलीचं मला नवल नव्हतं. नवल होतं ते सरांचं. ते नागपूरला बरीच वर्षं औषधशास्त्र शिकवत होते. तिथली नोकरी, बंगला, मान सगळं सोडून त्यांनी स्वतः मागून इकडे बदली घेतली होती. का, असं विचारलं की म्हणत, "तिथं पोरं होती, फळा होता. पोट नोहोतं." मूळचे ते आरमोरीकडचे. वर्गात म्हणे शुद्ध पुस्तकी बोलायचे. इथे आल्यावर त्यांनी ती भाषा कपाटात ठेवून दिली आणि कलेक्टरपासून कोतवालापर्यंत सगळ्यांशी आपल्या घरच्या बोलीत बोलायला सुरुवात केली.

आणि सगळ्यांना ते एकच प्रश्न विचारत, "हवा सरते काय?"

त्यात लहानमोठं काही नसे. एकदा तहसीलदारसाहेब सहकुटुंब आले होते, पाठ दुखते म्हणून. सरांनी पाठ पाहिली आणि त्यांच्या बायकोसमोर, शिपायासमोर, मोठ्या आवाजात विचारलं. तहसीलदारांचा चेहरा लाल झाला. बाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "सरते जी. चांगली सरते. घरच्याईले इचारा." सरांनी समाधानानं मान हलवली. एखाद्या लग्नात गेले, तर व्याह्यांना नमस्कार करून झाला की तोच प्रश्न. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. काकूंनी त्यांना लग्नकार्याला न्यायचं हळूहळू बंदच केलं होतं.

हिवाळ्यात आमच्याकडे गावोगाव झाडीपट्टीची नाटकं होतात. सर नाटकाचे भारी शौकीन. पण एका नाटकाला त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसाचं पोट गुरगुरायला लागलं. रंगमंचावर नायिका रडत होती आणि सर मात्र शेजाऱ्याकडे कान देऊन बसले होते. मध्यंतरात त्यांनी त्या अनोळखी माणसाला मंडपामागे नेलं, बैलगाडीवर आडवं केलं आणि तपासलं. त्याच्या पोटात जंत निघाले. पुढे तो माणूस दर वर्षी सरांना मोहफुलाचे लाडू आणून द्यायचा. नाटकाचा शेवट मात्र सरांना कधीच कळला नाही.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "डोकं सोडून मानसाच्या अंगात सगळ्यात जास्त नसा कुठी?"

"पाठीच्या कण्यात?" मी म्हणाले.

"पोटात! तुमी पोट्टे पोटाले पिशवी समजता. त्याले त्याचा सोताचा कारभार आहे." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी मला जे सांगितलं, ते कॉलेजच्या जाड पुस्तकांतून मला कधी इतकं स्वच्छ कळलं नव्हतं. "नस काई आतड्याले धरून हलवत नाई. ती फक्त सांगते. हळूच, कानात. आन आतड्याले बारीक बारीक कान असतात. पित्ताच्या थैलीलेबी असतात. जेवन झालं का नस थैलीच्या कानात सांगते, पीळ. मंग ती पिळते, पित्त खाली येते. आता आपल्या गोळ्या काय करतात? काई गोळ्या त्या कानात बोळे कोंबतात. काई गोळ्या कानाशी जाऊन बोंबलतात. बस. एवढीच आपली डाक्टरी."

मी हसले. ते हसले नाहीत. "हसून नोको राहू. याच्यात मानूस मरते."

ते खरं होतं. कापसाच्या फवारणीच्या दिवसांत मला ते दिसलं. एका नवराबायकोला आणलं होतं. दोघांच्या तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या मोहरीएवढ्या, पोटात मुरडा, कपडे खराब झालेले. तोंडाला काही न बांधता, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारलं होतं. सर धावत आले आणि मला म्हणाले, "हे पाह्य, सगळ्या नसा एकाच वक्ती बोंबलून राह्यल्या. आता बोळे घाल." मी ॲट्रोपिन भरायला घेतलं. एकामागून एक इंजेक्शनं देत गेलो. हळूहळू लाळ आटली, छाती मोकळी झाली. सरांनी त्या बाईच्या पोटाला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि हात वर करून मला थांबवलं. "पुरे. अखीन देशील तर पोट पार मुकं होईन." दोघं वाचली. जाताना त्या बाईनं सरांना विचारलं की आता फवारणी कशी करायची, आणि सरांनी स्वतःचा रुमाल तिच्या तोंडाला बांधून दाखवला. मग तो रुमाल तिच्याकडेच राहिला.

एका शाळेचे हेडमास्तर होते, त्यांचीही गोष्ट सांगायला हवी. त्यांची पित्ताची थैली खडे झाले म्हणून मोठ्या शहरात काढून टाकली होती. तरी उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती घामाघूम करून जायची. गुरुजींची पक्की समजूत होती की डॉक्टर पोटात काहीतरी विसरला. दुसऱ्या ऑपरेशनची तयारी चालली होती. तेवढ्यात कुणीतरी त्यांना सरांकडे आणलं.

सरांची एक पद्धत होती. पेशंटनं घरातलं सगळं औषध पिशवीत भरून आणायचं आणि टेबलावर ओतायचं. सगळं म्हणजे सगळं. चूर्ण, मलम, शेजाऱ्यानं दिलेली अर्धी गोळी, देवळातली उदीसुद्धा. गुरुजींच्या पिशवीतून खोकल्याच्या औषधाची बाटली निघाली.

"हे कवा घेता?"

"ते होय? ते काई औषध नोहे जी. वर्गात बोलून बोलून घसा धरते, मंग चमचा दोन चमचे घेतो. गोड लागते."

"आन कळ कवा येते?"

गुरुजींनी बाटलीकडे पाहिलं, मग सरांकडे. "शाळेतून आल्यावर," ते हळूच म्हणाले.

त्या औषधात अफूच्या जातीचं एक द्रव्य होतं. खोकला दाबणारं ते द्रव्य पित्ताच्या नळीचं तोंड आवळून धरतं. "थैली गेली, पन नळीच्या तोंडाशी दरवान अखीन बसून आहे," सर म्हणाले. "तुमी रोज त्याले सांगून राह्यले, दार लाव. पित्त जाईन कुठी?" गुरुजींनी बाटली सोडली. त्यांना कळ पुन्हा आली नाही. ऑपरेशन टळल्याच्या आनंदात त्यांनी शाळेत सरांचं भाषण ठेवलं, आणि सरांनी स्टेजवर चढून पहिल्या रांगेतल्या सरपंचांना तो नेहमीचा प्रश्न विचारला.

असे हे सर. आम्ही त्यांच्यावर हसायचो आणि त्यांच्याशिवाय आमचं पान हलत नसे. त्यांना घाबरलेलं मी एकदाच पाहिलं.

त्यांच्या सासूबाई गडचांदूरला मुलाकडे राहत. मुलगा तिथल्या सिमेंट कारखान्यात होता. दर श्रावणात त्या लेकीकडे राहायला यायच्या. उंच, शिडशिडीत, कपाळावर मोठं गोंदण. फार जुन्या वळणाच्या. जावयासमोर डोक्यावरून पदर, आणि थेट बोलणं कधीच नाही. सर समोरच्या खुर्चीत बसलेले असले तरी त्या काकूंकडे पाहून म्हणायच्या, "जवायाले म्हना, चहा झाला." सर तसंच काकूंकडे पाहून म्हणायचे, "तुझ्या मायले म्हन, आलो." लग्नाला तीसेक वर्षं होऊन गेली होती. दोघांत भांडण कसलंच नव्हतं. रीतच होती तशी. आणि वरून सरांचा तो प्रश्न! सासूबाईंना मी आजी म्हणायचे. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "जवाई देवमानूस आहे, पन ताटावर बसल्या बसल्या हगन्यामुतन्याच्या गोष्टी काढते. मानसानं जीव द्यावा का जेवावं?"

त्या वर्षी आल्यापासून आजी जेवत नव्हत्या. एक दिवस सकाळी काकू माझ्या क्वार्टरवर आल्या. "आईचं पोट पाह्यतेस काय वं जरा? खूब फुगलं आहे. यांच्या कानावर घालू देऊन नाई राह्यली."

मी गेले. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि धापा टाकत होत्या. लुगड्याखाली पोट ढोलासारखं ताणलेलं. बोटानं वाजवलं तर पोकळ आवाज आला. मळमळ होती, तोंड कोरडं पडलेलं, जीभ टाळूला चिकटत होती.

"आजी, संडासला कधी झाली?"

त्यांनी मान फिरवली. काकूंनी खूण केली की बरेच दिवस झाले.

"आणि हवा?"

"तूबी त्याच शाळेतली दिसतेस," आजी म्हणाल्या, पण त्यांना हसताही येईना.

मी सरांना सांगितलं. आजींना दवाखान्यात आणलं, बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातली खाट दिली, भोवती पडदा लावला. सर स्टेथोस्कोप घेऊन लगबगीनं आले आणि पडद्याला हात घालणार तेवढ्यात आतून आवाज आला, "जवायाले म्हना, भाईर ऱ्हा. जवायापुढं पोट उघडं टाकू काय मी? जीव गेला तरी बेहत्तर."

सर जागच्या जागी थांबले. त्यांनी हात मागे घेतला. मला वाटलं होतं ते ओरडतील, समजावतील, डॉक्टर आहे म्हणतील. त्यांनी त्यातलं काही केलं नाही. पडद्यापासून दोन पावलं मागे सरून ते मला म्हणाले, "तू आयक. मले सांग."

मी ऐकलं. आजींच्या कमरेला एक बटवा होता, तो त्यांनी काढून माझ्या हातात दिला. त्यात गोळ्या होत्या. जावयाला दाखवायचं नाही म्हणून आजींनी चंद्रपूरला वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जाऊन आपली एकेक तक्रार एकेकाला सांगितली होती. चक्कर येते म्हणाल्या, त्यानं चकरेची गोळी दिली. लघवीला सारखं जावं लागतं म्हणाल्या, दुसऱ्यानं ती थांबायची गोळी दिली. पायाला मुंग्या येतात, झोप येत नाही, म्हणून तिसरी. उजव्या कुशीत दुखतं म्हणून चौथ्यानं मुरड्याची गोळी दिली आणि सोनोग्राफी करायला लावली. त्यात पित्ताच्या थैलीत गाळ साठलेला दिसला. दिवाळीनंतर थैली काढायचं ठरलं होतं. कुणा एकाचं काही चुकलं नव्हतं. प्रत्येकाला आजींनी एकच तक्रार सांगितली होती.

मी पडद्याआडून गोळ्यांची नावं वाचत गेले.

"बोळा," बाहेरून सर म्हणाले.

मी दुसरं नाव वाचलं.

"बोळा."

तिसऱ्याला ते जरा थांबले. "तोबी बोळा." मी चौथं नाव वाचलं. मी पडद्यातून डोकावले तर ते भिंतीला हात टेकून उभे होते. "सगळ्या नसाईचं तोंड बांधलं म्हाताऱ्या बाईच्या," ते पुटपुटले. "आतडं कसं हलंल? थैली कशी पिळंल?"

सगळ्या गोळ्या बंद केल्या. नाकातून नळी घातली, सलाईन लावलं, रक्तातले क्षार कमी होते ते भरून काढले, आजींना या कुशीवरून त्या कुशीवर वळवत राहिलो. एक्स-रेत मोठं आतडं शेवटपर्यंत हवेनं भरलेलं दिसत होतं. कुठे अडथळा नव्हता, गाठ नव्हती, पीळ नव्हता. वाट मोकळी होती, चालणारं कुणी नव्हतं. आम्ही वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोट उतरायच्या ऐवजी अजून ताणलं. आजींना आडवं झोपवत नव्हतं.

गडचांदूरहून मुलाचा फोन येत होता. "भाऊजी, आईले नागपूरले न्या. मी गाडी पाठवून राह्यलो." सरांनी नागपूरच्या एका ओळखीच्या सर्जनशी बोलून घेतलं. सर्जन म्हणाले, आणा, उघडून पाहू. त्यांचंही बरोबर होतं. आतडं असंच ताणत गेलं तर फुटतं, आणि फुटलं की संपलं. पण रस्ता लांबचा, खड्ड्यांचा. अँब्युलन्स दारात उभी राहिली. ड्रायव्हरनं स्ट्रेचर काढलं.

सर व्हरांड्यात येरझारा घालत होते. मग एकदम माझ्यासमोर येऊन थांबले. "सापाच्या ट्रॉलीत निओस्टिग्मिन आहे ना?"

होतं. आमच्याकडे नाग-मण्यार चावलेली माणसं वर्षभर येतात. ज्यांच्या पापण्या मिटायला लागतात, श्वास अडकायला लागतो, त्यांच्यासाठी ते इंजेक्शन कायम तयार ठेवलेलं असायचं. नसेचा निरोप स्नायूपाशी जास्त वेळ टिकवून धरतं ते. सापाच्या विषात पापणीसाठी जे काम करतं, तेच ते आतड्यासाठीही करू शकतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. कुणी केलेलं पाहिलं नव्हतं.

"तुम्ही दिलंय कधी असं?" मी विचारलं.

"एकदा. नागपूरले. तिथं आजूबाजूले खूब मानसं होती." ते माझ्या डोळ्यांत पाहत नव्हते. "हे फक्त आतड्याशी नाई बोलत. हृदयाशीबी बोलते. त्याले म्हनते, सावकाश. एखांद्या वेळी हृदय लयच आयकते."

मला त्यांची भीती कळली. आत वॉर्डात त्यांच्या बायकोची आई होती.

ते काकूंकडे गेले. काकू बाकावर बसल्या होत्या. सरांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नेलं तर काय होईल, इथे इंजेक्शन दिलं तर काय होऊ शकतं. "तू सांगशीन तसं," ते म्हणाले.

काकू बाकावरून उठल्या. मग म्हणाल्या, "माय मले म्हने, जवायाच्या हातचं पानी पिऊन मरीन पन दुसरीकडं नेऊ नोको. द्या तुमी."

सर पुन्हा पडद्यापाशी आले, पण आत गेले नाहीत. "आधी एकदा आयक," ते मला म्हणाले. वॉर्डातला पंखा बंद झाला. खाटांवरच्या बायका उठून बसल्या. मी आजींच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवला.

"काय आयकू येते?"

"काहीच नाही, सर."

"काहीच नाई असं नसते. नीट आयक. ज्या घरातून मानसं निघून गेली तसं, का मानसं झोपली आहेत तसं?"

मी डोळे मिटले. इतक्या दिवसांत मी त्यांचं डोळे मिटणं पाहिलं होतं, स्वतः कधी मिटले नव्हते. आजींचा श्वास. सलाईनचा थेंब. आणि मग फार आत, विहिरीत एखादा थेंब पडावा तसा एक बारीक आवाज. पुन्हा शांतता. पुन्हा एक थेंब.

"आहे, सर," मी म्हणाले. "झोपलेलं आहे."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग दे."

सिस्टरांनी मॉनिटर लावला. ॲट्रोपिन भरून दुसरी सिरिंज ट्रेमध्ये तयार ठेवली. हृदयानं फारच ऐकलं तर लगेच द्यायला. मी शिरेत सुई घातली आणि अगदी सावकाश औषध ढकलायला लागले. पडद्याबाहेर सरांची सावली दिसत होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले.

"तोंडाले पानी सुटलं वं," आजी म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कपाळावर घाम आला. मॉनिटरवरचा आकडा उतरायला लागला.

"आकडा सांग!" बाहेरून आवाज आला.

मी सांगितला. तो आणखी उतरला. मी पुन्हा सांगितला. माझा हात ट्रेमधल्या सिरिंजकडे गेला. सिस्टर माझ्याकडे पाहत होत्या, मी आकड्याकडे.

"थांब," सर म्हणाले. "जराशी थांब."

आकडा थांबला. तिथेच घुटमळला आणि मग एकेक पायरी चढायला लागला. तेवढ्यात आजींनी पोट धरलं. "आई वं! आई वं, मुरडून राह्यलं!" मी स्टेथोस्कोप ठेवायला वाकले, पण त्याची गरज नव्हती. लांब डोंगराआड ढग गडगडावेत तसा आवाज त्यांच्या पोटातून उठला. तो खाली सरकत गेला. आणि मग, इतकी वर्षं जावयासमोर पदरही न ढळू देणाऱ्या त्या माउलीची हवा सुटली.

ती सुटतच राहिली. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीनं आधी तोंडावर हात ठेवला, मग तिला राहवेना. एक हसली, दुसरी हसली, आणि सगळा वॉर्ड हसायला लागला. सिस्टर बेडपॅन घेऊन धावल्या. आजी लाजेनं अर्धमेल्या झाल्या होत्या आणि त्याच वेळी त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरत होतं की बघणाऱ्याला रडू यावं. मी पोटावर हात ठेवला. ते हाताखाली मऊ पडत चाललं होतं, दर मिनिटाला थोडं, भिजवून ठेवलेल्या कणकेसारखं.

मी पडदा बाजूला करून बाहेर आले. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. हसताहेत असं मला वाटलं. मग ते वळले आणि मला दिसलं की ते रडत होते. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता आणि ड्रायव्हर स्ट्रेचर परत गाडीत चढवत होता.

आजी पुढे चांगल्या बऱ्या झाल्या. दिवाळीनंतर थैलीच्या ऑपरेशनच्या आधी पुन्हा सोनोग्राफी केली, तर गाळ दिसला नाही आणि कुशीतलं दुखणंही गेलं होतं. सर्जननी ऑपरेशन रद्द केलं. मी सरांना विचारलं, गोळ्यांमुळेच साठला होता का हो गाळ? ते म्हणाले, "मी लिहून नाई देनार. पन थैलीले काई आयकूच येत नोहोतं, तर ती पिळनार कशी?" लघवीची तक्रार मात्र गोळी सोडल्यावर परत आली. आजींनी त्याला इलाज नको म्हटलं. "उठा लागते तं उठीन. पाय मोकळे होतात." बंधपत्र संपल्यावर मी आणखी एक वर्ष तिथेच राहिले. आता मी चंद्रपूरला दवाखाना चालवते. माझ्याकडे पंखा चालू असतो, पण पेशंटच्या पोटाशी मी घाई करत नाही.

त्या दुपारचं थोडं राहिलं. सगळं आवरल्यावर आजींचे कपडे बदलले, खाट स्वच्छ केली, नाकातली नळी अजून होती. त्यांना ग्लानी येत होती. वॉर्ड पुन्हा शांत झाला होता. सर पडद्याबाहेर स्टुलावर बसले होते. आदल्या दिवसापासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं, हे काकूंनी मला हळूच सांगितलं, आणि ते आतपर्यंत ऐकू गेलं असावं.

"जवाईबुवा," आजी म्हणाल्या.

काकू चटकन पुढे झाल्या, निरोप घ्यायला. "काय सांगू त्यांना, आई?"

"तुले नाई म्हनलं मी." आवाज क्षीण होता, पण सरळ पडद्याकडे वळलेला. "जवाईबुवा, आयकता काय? जेवून घ्या. तुमी जेवल्याबिगर मले झोप नाई येनार."

सर उभे राहिले. सासूशी थेट बोलायची तीस वर्षांत वेळच आली नव्हती.

"हाव, माय," ते पडद्याकडे पाहून म्हणाले.

काकूंनी डबा उघडला. वरण-भात होता, गार झालेला, वर लोणच्याची एक फोड. सर व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसले आणि डबा मांडीवर घेऊन जेवायला लागले. मीही त्यांच्याजवळ बसले. थोड्या वेळानं आतून आजींच्या घोरण्याचा आवाज यायला लागला, तेव्हा सरांनी काकूंपुढे डबा धरला आणि आणखी भात मागितला.